कासवं, बुचं आणि रापण: वेळास ते वेंगुर्ला

किनाऱ्यावरच्या प्लास्टिकचं रडगाणं आपण सगळेच गातो, फोटो टाकतो, हळहळतो आणि पुढच्या ट्रिपला परत बिसलरीचा बॉक्स डिकीत टाकून निघतो. यावेळी म्हटलं ज्यांच्या अंगणात हा सगळा माल येऊन पडतो ती माणसं त्याचं करतात काय तेवढं बघून येऊ. शिमगा नुकताच आटपला होता, चाकरमानी परत गेलेले, कासवांचा सीझन चालू, आणि मावशीला वेंगुर्ल्याला माहेरी पोचवायचं होतंच, त्यामुळे मी, नवरा आणि मावशी अशी आमची वरात किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या सागरी मार्गाने निघाली. हायवेने एका दिवसात पोचता येतं हे मला माहितीये, कमेंटमध्ये सांगू नका.

गुरुवार: पुणे ते वेळास

ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बागमांडला हा रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यावर फार लिहीत नाही. फक्त एवढंच की घाटात चहाला थांबलो तिथे चहा काचेच्या ग्लासात आला आणि मावशीने लगेच मला ऐकवलं, "हय काचेचे ग्लास मिळतत मां, उगाच माका ओझा दिलंस." कारण मी निघताना स्टीलचे ग्लास, डबे आणि पाण्याचा मोठा जग घ्यायला लावला होता आणि तो तिच्या पायाशी ठेवला होता.

बागमांडल्याला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवली, सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, म्हणजे रायगड संपून रत्नागिरी जिल्हा. तिथून बाणकोट आणि मग वेळास. गाव नाना फडणवीसांचं म्हणून प्रसिद्ध होतं, आता कासवांचं म्हणून जास्त आहे.

राहायला हॉटेल नाही, लोकांच्या घरातच राहायचं. ओटीवर गाद्या, जेवायला आमटी-भात, कुळथाचं पिठलं, आणि पाणी तांब्यात. नवऱ्याने सवयीने विचारलं, पाण्याची बाटली मिळेल का, तर घरच्या काकू शांतपणे म्हणाल्या, "मंडणगडला मिळेल." विषय संपला. पाणी उकळलेलं होतं, छान होतं, कोणाचं पोट बिघडलं नाही. ओटीच्या खांबावर वहीच्या कागदावर हाताने लिहून चिकटवलेलं होतं की वेफर्स-बिस्किटांची पाकिटं ज्यांनी आणली त्यांनीच परत न्यावीत. मला हे जाम आवडलं, कारण गावात घंटागाडी येत नाही तर मग ते पाकीट जाणार कुठे, एक तर चुलीत नाहीतर वहाळात, आणि वहाळ शेवटी समुद्रातच जातो.

रात्री काकूंशी बोलत बसलो तेव्हा त्यांनी हिशोब अगदी सरळ सांगितला. लोक कासव बघायला येतात म्हणून सीझनला चार पैसे मिळतात, कासव येतं ते किनारा शांत आणि साफ आहे म्हणून, मग किनारा घाण करून चालेल का? पर्यावरण वगैरे शब्द त्या काढल्याच नाहीत.

शुक्रवार: वेळास

पहाटे उठून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी या भागात आली होती, तेव्हा त्यांना इथे कासवाची अंडी चोरली जातात हे कळलं, आणि भाऊ काटदरे आणि मंडळींनी गावातल्याच लोकांना हाताशी धरून अंडी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. ज्या गावात अंडी खायला आणि विकायला जायची तिथलीच पोरं आता रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात. इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी एकावेळी शंभरावर अंडी घालते, ती उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खड्ड्यात पुरतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात.

त्या दिवशी घरट्यावर झाकलेली टोपली उचलल्यावर खाली पिल्लं होती. पाण्यापासून थोड्या अंतरावर दोरी बांधलेली, तिच्या अलीकडे आपण उभं राहायचं, पलीकडे पिल्लं सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात. पण टोपली उचलायच्या आधी जे चाललं होतं ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं. एक कासवमित्र आणि दोन शाळकरी मुलं दोरीपासून पाण्यापर्यंतचा पट्टा वाकून वाकून साफ करत होती. रात्रीच्या भरतीने काय काय आणून टाकलं होतं ते त्यांच्या गोणीत डोकावून बघितलं: स्ट्रॉ, बुचं, एक अर्धी स्लीपर, थर्माकोलचे तुकडे आणि निळ्या नायलॉन दोऱ्याचा एक गुंता, मुठीत मावेल एवढा. मी म्हटलं एवढासा दोरा काय करणार. त्याने गुंता वाळूवर ठेवला आणि म्हणाला, "ताई, पिल्लू बघितलंत ना केवढं असतं, दोन बोटांएवढं. पाय यात गेला की ते गोल गोल फिरत बसतं, तेवढ्यात कावळा नाहीतर घार. स्लीपरसुद्धा त्याला डोंगर."

नंतर पिल्लं चालायला लागल्यावर मी कासवांपेक्षा वाळूकडेच बघत होते. माणसाच्या पावलाच्या खळग्यातसुद्धा पिल्लू अडकतं, उलटं होतं, परत धडपडतं. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात, त्यात पुढे समुद्रात तरंगणारी पिशवी आणि जेलीफिश यातला फरक त्यांना कळत नाही हे वेगळंच. २०२२ च्या जानेवारीत इथल्याच एका मादीला सॅटेलाइट टॅग, म्हणजे ती कुठे जाते ते कळायचं यंत्र, लावला होता, तिचं नाव प्रथमा, पश्चिम किनाऱ्यावर असा टॅग लागलेलं ते पहिलं ऑलिव्ह रिडले. कासवमित्र तिच्याबद्दल असं सांगत होता जसं काही गावची मुलगी परदेशी गेलीये.

गोणीचं पुढे काय करता, हा माझा पुढच्या सगळ्या ट्रिपभरचा प्रश्न. उत्तर: साठवतो, बाटल्या भंगारवाला नेतो, दोर आणि जाळी लोक कुंपणाला नेतात, पाकिटं आणि थर्माकोल कोणी नेत नाही. हे उत्तर लक्षात ठेवा.

शनिवार: केळशी, आंजर्ले, हर्णे

केळशीच्या वाळूच्या टेकडीजवळ बराच वेळ काढला. मावशी सावलीत बसली, आम्ही दोघं भरतीच्या रेषेवरून चालत गेलो. एक गोष्ट तुम्ही कधी बघितलीये का, किनाऱ्यावर बुचं ढीगभर सापडतात आणि त्यामानाने बाटल्या कमी. नवरा केमिकल इंजिनियर आहे, त्याला बोलायला विषयच मिळाला. बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची, ती पाण्यापेक्षा जड, बूच उघडं असलं की पाणी भरून तळाला जाते. बूच वेगळ्या प्लास्टिकचं, पाण्यापेक्षा हलकं, ते वर्षानुवर्षं तरंगत राहतं. नायलॉनची जाळी बुडते, पण मोठे दोर बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीन या हलक्या प्लास्टिकचे असतात, ते तरंगतात. म्हणजे किनाऱ्यावर आपल्याला दिसतो तो फक्त तरंगणारा माल, बुडालेल्याचा हिशोब कोण ठेवतंय. ही माहिती ऐकून मावशी म्हणाली, "जावयबापू, आता शहाळा पिऊया." पिलो. स्ट्रॉ नको म्हटल्यावर शहाळेवाल्याने तोंडाला लावायला बेताचं भोक पाडून दिलं, थोडं अंगावर सांडलं, चालायचंच.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचं दर्शन, मग हर्णेच्या बंदरात लिलाव बघायला. हर्णेचा लिलाव म्हणजे आरडाओरडा, बर्फ, बैलगाड्या, चिखल आणि तो वास, शाकाहारी लोकांनी लांबूनच बघा. गर्दी पांगल्यावर एक तांडेल, म्हणजे बोटीवरचे म्होरके, जाळं शिवत बसलेले भेटले. हातात सुई, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ताणलेलं, बोलताना नजर वर नाही. जाळ्यात प्लास्टिक येतं का विचारलं तर हसले. म्हणाले, पावसाळ्यानंतर पहिले काही दिवस तर मासळीपेक्षा तेच जास्त, पूर्वी सगळे परत पाण्यातच टाकायचे. का? "किनाऱ्यावर आणून करू काय? नेणारा कोण?"

या एका वाक्यात सगळं आलं असं मला वाटतं. मच्छीमाराला शहाणपण शिकवायची गरज नाही, त्याच्या जाळ्याचं नुकसान त्यालाच दिसतं, त्याला फक्त धक्क्यावर ते उतरवून घेणारं कोणीतरी हवंय. केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा बंदरात २०१७ मध्ये हेच केलं, शुचित्व सागरम नावाने. बोटींना पिशव्या दिल्या, जाळ्यात येईल ते प्लास्टिक परत आणायचं, बंदरात ते धुऊन निवडून त्याचा चुरा करायचा आणि रस्त्याच्या डांबरात वापरायचा, आणि हे काम बायकांना मिळालं. तांडेलांना हे सांगितलं तर म्हणाले इकडे चालू करा, मी पहिली गोण आणतो.

आणि असं नाही की आपल्याकडे काहीच होत नाही. राज्यात डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, जाळ्यात कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं तर जाळ्याची भरपाई मिळते, २५,००० रुपयांपर्यंत. वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून बघतात. तांडेलांना योजना माहीत होती, त्यांच्या ओळखीत एकाला पैसे मिळालेही होते. फोटो काढून ठेवावा लागतो म्हणाले, "आता आधी मोबाईल, मग सुरी."

रविवार: दाभोळ, गुहागर

दाभोळ-धोपावे परत जंगलजेटी, मग गुहागर. व्याडेश्वर, खाडीची हवा, दुपारी ताणून झोप. संध्याकाळी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या मागच्या वाडीत गेलो तर तिथे शेडमध्ये पोफळीच्या विरीच्या प्लेटा बनत होत्या. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा बुंधा, झाडाला गुंडाळलेला असतो तो, सुकला की आपोआप गळून पडतो. पूर्वी आम्ही लहान असताना त्यावर बसून एकमेकांना ओढत न्यायचो, बहुतेक कोकणातल्या मुलांची पहिली गाडी तीच.

तर त्या गळलेल्या विऱ्या गोळा करतात, पाण्यात भिजवतात, ब्रशने घासतात, जरा निथळल्या की गरम साच्यात दाबतात. गोंद नाही, केमिकल नाही, उष्णतेने आणि दाबाने विरी आकार घेते आणि तो तसाच राहतो. मशीनवर एक वहिनी होत्या, साचा खाली, फस्स करून वाफ, वर, प्लेट बाहेर, कडा कापायच्या, पुढची. गरम प्लेट हातात दिली तर तिला भाजलेल्या गवतासारखा वास होता. अडचण विचारली तर सांगितली, आडपडदा नाही: विरी सीझनलाच भरपूर मिळते, ओली राहिली की बुरशी धरते त्यामुळे पावसाळ्यात काम ठप्प, आणि चकचकीत कागदी प्लेटपेक्षा भाव जास्त पडतो. त्या कागदी प्लेटला आतून प्लास्टिकचाच पापुद्रा असतो हे गिऱ्हाइकाला सांगून वहिनी थकल्या आहेत. पण लग्न-मुंजींच्या ऑर्डरी येतात, आणि यंदा शिमग्याला गावात पालखी घरोघरी आली तेव्हा प्रसाद विरीच्या द्रोणातच दिला म्हणे, वर्गणी काढून घेतले द्रोण. आम्ही दोन गड्ड्या घेतल्या. मावशी पुटपुटली की केळीचं पान फुकट मिळतं. बरोबर आहे तिचं, पण पुण्यात केळीचं पान दहा रुपयाला एक.

सोमवार: नुसता प्रवास

तवसाळ-जयगड जेटी, गणपतीपुळे बाहेरूनच, रत्नागिरी, पावस, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर, मालवण. सुंदर रस्ता, भयंकर वळणं, मावशीला उलटी. आंब्याचा पहिला माल आला होता, भाव विचारून पुढे गेलो.

वाटेत एका दुकानात काजू घेतले तर त्याने कापडासारखी दिसणारी पिशवी दिली आणि म्हणाला, "मॅडम कापडी आहे, चालते." ती कापडी नसते हो. ते नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच, काडी लावली तर वितळून थेंब पडतात. राज्याची बंदी २०१८ ची, मार्चमध्ये अधिसूचना आली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळी ५,००० रुपये. तेव्हा महिनाभर सगळीकडे कागदी पिशव्या दिसल्या, मग हळूहळू परत येरे माझ्या मागल्या. मग केंद्राने १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, प्लेटा, कप, सजावटीचा थर्माकोल हे सगळं बंद केलं. कायदा वाईट नाहीये, मी उलट म्हणेन की त्याच्यामुळेच विरीवाल्या वहिनींना ऑर्डरी मिळतात, पण दुकानदाराला सोपा आणि स्वस्त पर्याय हातात मिळेपर्यंत तो पळवाट शोधणारच. काजू आम्ही मावशीच्या डब्यात घेतले. डब्यांचं ओझं शेवटी कामी आलं, पण हे तिला बोलून दाखवायची सोय नाही.

मंगळवार: मालवण

सकाळी तारकर्लीच्या बाजूला रापण बघायला मिळाली, हे नशीबच. ज्यांनी बघितली नाही त्यांना सांगते, होडीने जाळं समुद्रात लांबवर अर्धगोल सोडून येतात आणि मग दोन्ही टोकांना किनाऱ्यावरून माणसं रांगेत उभी राहून ओढतात, तास-दीड तास, म्हातारे, पोरं, बायका, मधेच येऊन हात लावणारे आमच्यासारखे हौशी सुद्धा. ओढणाऱ्या सगळ्यांना वाटा मिळतो. नवऱ्याने दहा मिनिटं ओढलं आणि हाताला फोड घेऊन बाजूला झाला.

जाळं वाळूवर आलं तेव्हा आत चांदीसारखे पेडवे उड्या मारत होते, थोडे बांगडे, खेकडे, आणि त्यांच्यात गुंडाळलेली पाकिटं, दुधाच्या पिशव्या, एक खोबरेल तेलाची निळी बाटली जिला शंखशिंपले चिकटून पार जुनाट झाली होती. बायका मासळी निवडायला बसल्या. मी बघत होते प्लास्टिक कुठे जातंय ते. एक आजी पाकीट निघालं की झटकून त्यातला पेडवा बाहेर काढायच्या, मासा टोपलीत आणि पाकीट मागे ठेवलेल्या लाल क्रेटमध्ये. न बघता, हात आपोआप मागे जायचा. कोणी सांगितलंय का असं करायला? "नातू सांगता," आजी म्हणाल्या, "तो डायविंगवाल्यांवांगडा जाता. खाली जाळी पडलीहत म्हणता, मासे मरतत त्येतूर."

तो नातू नंतर भेटला. स्कुबाचा गाइड आहे. पर्यटकांना खाली नेतो आणि सीझन नसताना तो आणि त्याचे मित्र खडकांवर अडकलेली तुटकी जाळी कापून वर काढतात. तुटलेलं जाळं कोणाचंच नसतं पण मासे मात्र पकडतच राहतं, त्यात मेलेल्या माशांना खायला दुसरे येतात, तेही अडकतात. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे हे थांबत नाही. काम दिसतं तेवढं सोपं नाही, सुरी घेऊन पाण्याखाली जाळ्याजवळ जायचं म्हणजे आपल्याच पायातला फिन अडकण्याची भीती, म्हणून जोडीनेच उतरतात आणि प्रवाळाला चिकटलेलं असेल तर ओढायचं नाही, तुकड्या-तुकड्याने कापायचं. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे पण कागदावरच्या रेषेने जाळं थोडंच अडतं. तो म्हणाला, "पाणी क्लिअर असला, मासे दिसले, तरच कस्टमर परत येता." वेळासच्या काकूंचाच हिशोब, फक्त मालवणीत.

दुपारी पेडव्यांचं तिखलं खाल्लं. त्यावर वेगळा लेख होईल.

बुधवार: वेंगुर्ला

वेंगुर्ल्यात मी मुद्दाम कचरा डेपो बघायला गेले. हसू नका, इथे लोक खरंच बघायला येतात, त्याचं नावच स्वच्छ भारत पर्यटन स्थळ असं ठेवलंय. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने हे उभं केलं. आत बाग, झाडं, आणि ज्याची भीती होती तो वास नाही. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, पालापाचोळ्याच्या कांडी कोळशासारख्या विटा, आणि प्लास्टिक निवडून, त्याचा मशीनमध्ये चुरा करून रस्त्याला.

प्लास्टिकचा रस्ता म्हणजे डांबराऐवजी प्लास्टिक नव्हे. खडी आधी चांगली तापवतात, त्यावर हा चुरा टाकला की तो वितळून खडीवर पातळ थर बसतो, मग त्यात डांबर. मदुराईच्या प्रा. आर. वासुदेवन यांनी ही पद्धत बसवली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डांबराच्या वजनाच्या साधारण आठ टक्क्यांपर्यंत प्लास्टिक जिरतं. थर असल्यामुळे खडी आणि डांबराच्या मधे पाणी शिरत नाही, आणि कोकणातल्या पावसात रस्ता उखडतो तो नेमका असं पाणी शिरल्यामुळे. यात पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लास्टिक, चालत नाही, तापवल्यावर विषारी वायू सुटतात, म्हणून निवडणं आलंच. नवऱ्याला शंका होती की रस्ता झिजल्यावर त्या प्लास्टिकचं काय, शंका रास्त आहे, पण मला तिथे उभं राहून जे दिसलं ते हे की वेळासच्या गोणीतलं जे पाकीट कोणीच नेत नाही त्याला इथे जागा आहे. भंगारवाला बाटली नेतो कारण तिला भाव आहे. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की सुटे करणं परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही, म्हणून ते किनाऱ्यावर. किनारा सफाईचे कार्यक्रम मीही केलेत, करावेत, पण गोण भरल्यावर ती उतरवायला अशी एखादी शेड प्रत्येक तालुक्याला हवी, खरी गंमत त्यानंतर आहे.

निवडायचं काम मात्र मशीन करत नाही, ते घराघरात होतं. ते मामीकडे पोचल्यावर कळलं. मावशीचं माहेर, मोठं अंगण, मागच्या पडवीत ओळीने बादल्या. नवऱ्याने चॉकलेट खाऊन कागद पहिल्या दिसेल त्या बादलीत टाकला आणि मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "जावयबापू, ती ओली! मिसळलेला घंटागाडीवालो परत करता, मग माकाच निवडूक लागता." जावई असला म्हणून काय झालं, उठून कागद काढायला लावला. मावशी खूष.

मावशीला तिथे सोडून आम्ही आंबोलीमार्गे परत निघालो. तुम्हाला वेळासला जायचं असेल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल बरा, पिल्लं साधारण सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात, पण ती रोज निघतीलच असं नाही त्यामुळे एक रात्र जास्तीची ठेवा, किनाऱ्यावर टॉर्च आणि फ्लॅश मारू नका, आणि शनिवार-रविवारी जेटीला लाइन लागते, शक्यतो मधल्या वारी जा.